चेंचाला संघातून काढा

यारेलिस : ...म्हणून मी धावत पुढं आले, कोच. ती येतेय. केससुद्धा न विंचरता येतेय!

फोन्सो : तुझी आई? केस न विंचरता? मग प्रकरण गंभीर आहे. तो स्क्रूड्रायव्हर दे इकडे. हा पंखा आज फिरला नाही, तर त्याच्या जागी बायको मला लटकवेल. हं, बोल. काय म्हणतात नेरेइदाबाई?

यारेलिस : म्हणते, रविवारच्या फायनलला चेंचा नको. कोचनं चेंचाला संघातून काढावं, नाहीतर मी यारेलिसला काढते.

फोन्सो : चेंचाला काढायचं?

यारेलिस : हो.

फोन्सो : अगं पण काढायचं म्हणजे कुठून काढायचं? ती आहे कुठं?

यारेलिस : तेच तर! आता तुम्हीच निस्तरा. तुम्हीच जन्माला घातलीत तिला.

फोन्सो : हळू बोल गं! आत बायको आहे, भलतंच ऐकेल.

यारेलिस : खोटं आहे का? तुम्हीच म्हणालात ना, ‘पोरींनो, मैदानात तुम्ही नऊ, आणि दहावी चेंचा. ती कुणाला दिसत नाही. झेल पडला, चेंडू सुटला, फेक भलतीकडे गेली, की चूक चेंचाची. सगळ्यांनी मिळून एकदा तिच्या नावानं ओरडायचं आणि पुढच्या चेंडूकडे बघायचं. कुणी कुणाला काही बोलायचं नाही.’

फोन्सो : मग काय वाईट सांगितलं? गेल्या वर्षी काय तमाशा होता आठव. एक झेल पडला की तुम्ही आठ जणी नववीच्या उरावर. तुमचे आईबाप जाळीला लटकून बोंबलायचे, ते वेगळंच. ती ग्रिसेल केवढी छान खेळायची! एक चेंडू हातातून गळला आणि वस्तीनं तिला ‘बादली’ करून टाकलं. पोरगी बेसबॉल सोडून व्हॉलीबॉलला गेली. तिथंही बादलीच!

यारेलिस : मला माहितीय. पण आईला कुठं माहितीय? तिची टपरी फर्स्ट बेसच्या मागं. तोंड रस्त्याकडे, पाठ मैदानाकडे. तिला खेळ दिसतच नाही, कोच. नुसतं ऐकू येतं. आणि ऐकू काय येतं? ‘चेंचाऽऽ!’

फोन्सो : अगं, मग घरी सांगायचंस ना एकदा, की अशी अशी गंमत आहे.

यारेलिस : वा! शपथ कुणी घातली होती? ‘घरी एक अक्षर सांगायचं नाही.’

फोन्सो : ती घातली होती खरी. घरच्यांना सांगितलं असतं तर ते हिशेब मांडून बसले असते, कुठली चेंचा कुणाची म्हणून. पण जे स्टँडमध्ये बसतात त्यांना कळलंच की हळूहळू. आता तेही आमच्याबरोबर ओरडतात. तुझ्याच आईला कसं कळलं नाही?

यारेलिस : तिला सांगणार कोण? तिच्या हातात कायम गरम झारा असतो.

फोन्सो : तेही खरं.

यारेलिस : आणि मीसुद्धा... जाऊ दे.

फोन्सो : काय जाऊ दे?

यारेलिस : काही नाही. आली! चपलांचा आवाज येतोय! मी या वॉशिंग मशिनच्या मागं आहे. मी इथं नाही, समजलं?

फोन्सो : अगं ए, मला एकट्याला टाकून...

नेरेइदा : कोच! आहात ना घरात? की मी येतेय म्हणून कळलं आणि पळालात?

फोन्सो : ये, नेरेइदा, ये. इथंच शेडमध्ये आहे. बस त्या खुर्चीवर. कॉफी टाकायला सांगू?

नेरेइदा : कॉफी नको. कॉफी घेतली की मी शांत होते, आणि मला आज शांत व्हायचं नाहीये.

फोन्सो : मग नारळाचा लिंबेर? फ्रीजरमध्ये पेले भरून ठेवलेत. उन्हातून आलीस, गारेगार...

नेरेइदा : कोच, मला थंडही व्हायचं नाहीये! काल सेमीफायनल. शेवटची इनिंग. माझ्या कढईत अलकापुरिया नुकत्याच सोडलेल्या, खिडकीवर ही रांग, आणि पाठीमागून काय ऐकू यावं? ‘चेंचाऽऽ!’ माझा झारा तेलात पडला. जिंकत आलेला सामना, कोच! खिडकीवर प्रोविदेन्सिया उभी होती, तिला विचारलं, काय झालं गं? तर म्हणते, ‘पायांतून गेला चेंडू. बोगद्यातून बस जावी तसा.’ म्हटलं, कुणाच्या पायांतून? तर म्हणते, ‘चेंचाच्याच असणार.’

फोन्सो : प्रोविदेन्सियाला मोतीबिंदू झालाय.

नेरेइदा : पाय दिसतात तिला!

फोन्सो : शेवटी जिंकलो ना पण आपण?

नेरेइदा : जिंकलो ते माझ्या पोरीमुळं! शेवटचा चेंडू तिनं अडवला. ‘यारेलिस! यारेलिस!’ म्हणून सगळं मैदान ओरडत होतं, कानांनी ऐकलं मी. एकीनं घाण करायची आणि दुसरीनं निस्तरायची, हे असं कुठवर चालायचं? आणि मला सांगा, मी त्या चेंचाचं वाईट चिंतते का? देवाशप्पथ नाही! मी तिच्यासाठी मिस्सामध्ये प्रार्थना लावली.

फोन्सो : ते... मी होतो तिथं.

नेरेइदा : नवे फादर किती मनापासून म्हणाले, ‘आपल्या लेकरांमधल्या चेंचाच्या हातांना प्रभू बळ देवो.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आपली वस्ती! माणुसकी म्हणून नाही हो! सगळेच्या सगळे नुसते खोकत होते. तुम्ही तर खोकत खोकत बाहेरच गेलात.

फोन्सो : धूळ फार होती त्या दिवशी.

नेरेइदा : आणि दर सामन्याला एक अलकापुरिया मी तिच्या नावानं बाजूला काढते. खेकड्याचं सारण घातलेली, मोठी बघून. तुमच्याच हातात देते ना? मिळते ना तिला?

फोन्सो : मिळते की! एक तुकडा मागं राहत नाही.

नेरेइदा : आवडते?

फोन्सो : जीव टाकते. मीठ तेवढं किंचित जास्त होतं, म्हणते.

नेरेइदा : काय? मीठ जास्त होतं? ज्या पोरीला हातात आलेला चेंडू धरता येत नाही, ती माझ्या मिठाला नावं ठेवते?

फोन्सो : ती नाही गं... म्हणजे सहज बोलली असेल.

नेरेइदा : बघितलंत? ही लक्षणं! परवा तो पाल्मितासचा कोच आला होता टपरीवर. गोड गोड बोलून विचारतो, ‘ताई, तुमची ती चेंचा कुठं उभी राहते हो?’ मला काय माहीत? म्हटलं, असेल फर्स्ट बेसला.

फोन्सो : मलाही भेटला तो. मी सांगितलं, लेफ्ट फील्डला. न्हाव्यानं सांगितलं, कधी इथं, कधी तिथं. रविवारी त्याच्या पोरी बॅट घेऊन नुसत्या चेंचाला शोधत बसणार बघ!

नेरेइदा : हसताय काय? सगळ्या डोंगरात बोभाटा झालाय तिचा, आणि तुम्ही हसताय! घर कुठं आहे तिचं?

फोन्सो : घर? ते... वर आहे. स्मशानाच्या पलीकडे.

नेरेइदा : स्मशानाच्या पलीकडे मालदोनादोंची डुकरं आहेत नुसती.

फोन्सो : त्यांच्याही पलीकडे.

नेरेइदा : त्यांच्या पलीकडे दरी आहे, कोच.

फोन्सो : दरीच्या अगदी कडेला.

नेरेइदा : अरे देवा. आई आहे?

फोन्सो : आई आहे. फार कष्टाळू.

नेरेइदा : काय करते?

फोन्सो : तळ... धुते! कपडे धुते लोकांचे.

नेरेइदा : आणि सामन्याला कधी येत नाही?

फोन्सो : येत असेल गं. कामातून मान वर करायला वेळ मिळत नसेल तिला.

नेरेइदा : काम मला नाही? पण ही कसली आई! पोर दर सामन्यात नाक कापून घेतेय, आणि ही बाई घरात बसून कपडे धुतेय! तिच्या जागी मी असते ना, तर लाजेनं जीव दिला असता. आणि माझी पोर बघा. अख्ख्या मोसमात एक चूक नाही. दाखवा एक. बोला की! एक तरी केलीय का तिनं?

फोन्सो : आता... मोसम मोठा असतो...

नेरेइदा : ते मशिनमागं काय आपटलं?

फोन्सो : मांजर.

नेरेइदा : कोच, तुम्हाला वाटत असेल ही नेरेइदा भांडकुदळ आहे. असेन. पण तुम्ही माझ्या बापाबरोबर खेळलात. तुम्हाला मी काय सांगायचं? एक उंच उडालेला चेंडू. एकच. माझ्या जन्माच्या आधीचा. त्याच्या ग्लोव्हमधून खाली पडला आणि वस्तीनं त्याचं नाव चाळण ठेवलं. पुढं त्यानं घर बांधलं, विहीर खणली, चर्चची घंटा चढवली, सगळं चाळणीनं केलं! बाप गेला तेव्हा लाउडस्पीकरची गाडी सगळीकडे ओरडत फिरली, ‘चाळण वारला हो, चाळण वारला.’ मीच सांगितलं होतं तसं ओरडायला. क्रिस्तोबाल वारला म्हटलं असतं तर मयताला कुणी आलंच नसतं. कोण क्रिस्तोबाल, कुणाला ठाऊक?

फोन्सो : मला ठाऊक होतं.

नेरेइदा : तुम्हाला एकट्याला. आणि मी? शाळेत चाळणीची पोर. लग्नात चाळणीची पोर. यारेलिस झाली तेव्हा नर्स तिला माझ्याकडे देताना म्हणाली, ‘घ्या, चाळणीची नात!’ त्याच घडीला मी ठरवलं, हिच्या नावापुढं वस्तीला काही चिकटवू द्यायचं नाही. ती जन्मात चुकायची नाही. आणि नाहीच चुकली! मग ती चेंचा तिच्या शेजारी उभी राहून शिंतोडे का उडवते? काढा तिला. नाहीतर रविवारी तुमची शॉर्टस्टॉप यारेलिस माझ्याजवळ टपरीत पीठ वाटत बसलेली असेल. मी बोलते ते करते, तुम्ही ओळखता मला.

फोन्सो : बरं बाई. काढली.

नेरेइदा : काढली?

फोन्सो : काढली. चेंचा आजपासून संघात नाही. संपलं.

नेरेइदा : इतक्यात?

फोन्सो : तूच म्हणालीस ना?

नेरेइदा : मी म्हणाले म्हणून काय झालं? तुम्हाला काळीज आहे की नाही? फायनल तोंडावर आलीय आणि पोरीला असं उडवून लावताय, पंख्याचे स्क्रू फिरवता फिरवता! तिला कोण सांगणार? दरीच्या कडेला राहते बिचारी, काही करून घेतलं म्हणजे?

फोन्सो : नाही गं, ती तसलं काही करायची नाही, मी खात्री देतो.

नेरेइदा : मला तुमची खात्री नको. मी स्वतः सांगणार तिला. तिच्या आईसमोर, नीट, मायेनं. आणि म्हणावं, रोज संध्याकाळी टपरीवर येत जा, यारेलिस तुला चेंडू धरायला शिकवेल. चला, काढा गाडी.

फोन्सो : कुठं?

नेरेइदा : दरीवर! चेंचाकडे!

फोन्सो : गाडीत पेट्रोल नाही.

नेरेइदा : माझ्या गाडीत आहे. उठा.

यारेलिस : आई, नको जाऊ.

नेरेइदा : हे तुमचं मांजर? यारेलिस! तू इथं काय करतेस? आणि डोक्याला हे जळमट कसलं?

यारेलिस : आई, वर कुणी राहत नाही. चेंचा नाहीये.

नेरेइदा : नाहीये म्हणजे? गेली? अरे देवा, आणि मी मिठावरून तिला बोलले!

यारेलिस : गेली नाही. ती कधी नव्हतीच. चेंचा म्हणून कुणी पोरगीच नाही. जिच्या हातून चूक होते, तिला आम्ही तेवढ्यापुरतं चेंचा म्हणतो. म्हणजे तिला वाईट वाटत नाही, आणि बाकीच्या तिच्यावर ओरडत नाहीत.

नेरेइदा : कोच, ही काय बोलतेय?

फोन्सो : खरं बोलतेय.

नेरेइदा : थांबा. एक मिनिट थांबा. मग त्या पावसातल्या सामन्यात जो सोपा झेल पडला, तो?

यारेलिस : तो इरायदाचा.

नेरेइदा : आणि जो चेंडू थेट माझ्या टपरीच्या पत्र्यावर येऊन आदळला होता? मी घाबरून मिठाचा अख्खा डबा सारणात पाडला, तो?

यारेलिस : तो मी फेकला होता.

फोन्सो : बघ, मीठ जास्त होतं म्हणत होतो ना...

नेरेइदा : तुम्ही गप्प बसा! आणि काल? तो पायांतून गेलेला?

यारेलिस : मी.

नेरेइदा : बोगद्यातून बस?

यारेलिस : माझेच पाय, आई. आई, शॉर्टस्टॉपकडे सगळ्यात जास्त चेंडू येतात. म्हणून चेंचा... जास्त करून मीच असते.

फोन्सो : आणि जास्त करून अडवतेही तीच, हे ध्यानात घे. जिच्याकडे चेंडू जातच नाही, तिची चूक कुठून होणार? माझ्याकडे एक पोरगी आहे राइट फील्डला, तिनं अख्ख्या मोसमात एक चूक केली नाही. तिकडे उभी राहून ती फुलपाखरं मोजते.

नेरेइदा : माझ्या अलकापुरिया कुणी खाल्ल्या?

फोन्सो : मी गप्प बसलोय.

नेरेइदा : सगळ्या?

फोन्सो : फुकट कशाला घालवायच्या? तू एवढ्या मायेनं...

नेरेइदा : मायेनं तिला दिल्या होत्या, तुम्हाला नाही! म्हणजे मिस्साला ते सगळे जे खोकत होते...

यारेलिस : ते हसत होते, आई.

नेरेइदा : सगळ्या वस्तीला ठाऊक होतं?

फोन्सो : नवे फादर सोडून.

नेरेइदा : आणि तू, कार्टे! तू माझी पोटची पोर. मी खिडकीत उभी राहून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, माझ्या यारेलिसची एक चूक दाखवा. शेजारी उभी राहून सोडा विकायचीस तू! एकदा तरी माझा हात धरून म्हणायचंस, आई, गप बस!

यारेलिस : नाही म्हणता आलं.

नेरेइदा : का? शपथ होती म्हणून?

यारेलिस : शपथ होती. पण त्याच्यासाठी नाही. तू किती खूश असायचीस ते सांगताना. आणि मग चेंचाबद्दल बोलायचीस. तिचे हात काय आहेत की भोकं. असली पोर पदरात असण्यापेक्षा नसलेली बरी. मी ऐकत असायचे आई, सोडा विकत. आत्ता मशिनमागंही ऐकलं. तिच्या आईनं जीव द्यावा म्हणालीस.

नेरेइदा : ते... अगं, ते मी त्या बाईला बोलले. कपडे धुणारीला.

यारेलिस : ती बाई तूच आहेस.

फोन्सो : नेरेइदा, बस. बस आधी.

नेरेइदा : आता काय म्हणतील हिला? बोगदा? पत्रा? काय नाव ठेवलंय लोकांनी?

फोन्सो : काही नाही. अगं, तेच तर सांगतोय. नावं ठेवायची खोड आहे या वस्तीला, ती माझ्या बापाच्यानं मोडली नाही, माझ्यानं काय मोडणार? म्हणून मी आधीच एक नाव आणून ठेवलं. सगळ्यांत मिळून एक. आज हिचं, उद्या तिचं, सामना संपला की कुणाचंच नाही. आमच्या वेळी असली एखादी चेंचा असती, तर तुझा बाप क्रिस्तोबाल म्हणून गेला असता.

नेरेइदा : हं.

यारेलिस : आई? मला संघातून काढतेस?

नेरेइदा : कोच.

फोन्सो : बोल.

नेरेइदा : ती कॉफी टाकायला सांगा.

(रविवार. फायनल संपून थोडा वेळ झाला आहे. फर्स्ट बेसमागची टपरी. मैदानाकडची फळी काढलेली.)

फोन्सो : काय करपलंय हे? लांबून वाटलं, स्टँडच पेटलं.

नेरेइदा : दोन घाणे कोळसा झाले. फळी काढली, चूल फिरवली, मैदानाकडे तोंड करून उभी राहिले. मैदानाकडे बघत तळता येत नाही, हे आज कळलं. तुमच्या पोरी तिकडे पळतात आणि माझा झारा हवेत तसाच. गिऱ्हाईक ओरडतंय, माझं लक्षच नाही.

फोन्सो : मग? बघितलास खेळ?

नेरेइदा : बघितला. इतका चेंडू येतो हो तिच्याकडे? मला वाटायचं, एखाददुसरा येत असेल. समोरची बया नुसती बॅट फिरवते, आणि चेंडू आपला यारेलिसकडे! जमिनीवरून काय, उसळून काय! मला तर वाटलं, पाल्मितासच्या कोचला अखेर कुणीतरी चेंचाचा पत्ता सांगितला.

फोन्सो : शॉर्टस्टॉपचं नशीबच तसं.

नेरेइदा : तो आडवं पडून अडवलेला! मी किंचाळले, तेव्हा पहिला घाणा गेला. आणि तो वळून, पाठमोरं होऊन फेकलेला! दुसरा घाणा गेला. इतके दिवस मी पाठ करून उभी होते, कोच. मला कुणी सांगितलं नाही, ही अशी खेळते म्हणून.

फोन्सो : तुला सांगायला गेलं की तूच सांगत सुटायचीस.

नेरेइदा : तेही आहे. बरं, चेंडू घेऊन जा तुमचा. धुऊन ठेवलाय.

फोन्सो : पीठ गेलं का सगळं?

नेरेइदा : शिवणीत अजून थोडं आहे. राहू द्या आठवण.

यारेलिस : आई...

नेरेइदा : या! आल्या नेमबाज बाई! अगं, फर्स्ट बेसवाली उभी कुठं, तू फेकलास कुठं! जाळीवरून, फळी काढली तिथून, थेट माझ्या पिठाच्या घमेल्यात! याउतियाचे कंद वाटून वाटून माझे हात गळून आले होते सकाळपासून.

यारेलिस : दोन धावा गेल्या त्याच्यावर. हरलो आपण.

नेरेइदा : बघितलं मी.

फोन्सो : सगळं मैदान ओरडलं की नाही पण, चेंचाऽऽ म्हणून? पाल्मितासचे लोकही ओरडले! त्यांना वाटलं, आपल्याकडे चूक झाली की असंच म्हणायचं असतं.

यारेलिस : आई, तू नाही ओरडलीस.

नेरेइदा : माझ्या तोंडात पीठ होतं.

यारेलिस : रागावलीस?

नेरेइदा : न रागावून काय करू? घमेलं गेलं, दोन घाणे गेले, फायनल गेली. चांगली संतापलेय मी! उद्या ओरडेन, आज घसा बसलाय. घे हे. धर नीट, गरम आहे.

यारेलिस : हे काय?

नेरेइदा : चेंचाची अलकापुरिया. खेकड्याची. ही एकच धड उतरली. कोच, तिकडे बघा तुम्ही, इकडे काही नाही बघायला.

फोन्सो : मी कुठं काय म्हणतोय? मीठ बरोबर आहे का, तेवढं विचारा तिला.

यारेलिस : बरोबर आहे. आई, ती खिडकीवरची बाई कोण होती? जिच्या ब्लाउजवर पीठ उडालं ती. माझ्याकडे हात करून काहीतरी बोलत होती तुला.

नेरेइदा : पाल्मितासची होती कुणीतरी. विचारत होती, ही कुणाची पोर, असं डोळे मिटून फेकणारी?

यारेलिस : मग? चेंचा म्हणालीस?

नेरेइदा : नाही. म्हटलं, माझी.